अठरा पूर्ण झालेल्यांचे घर चालवताना

बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरावे वर्ष पूर्ण झाले की त्याचा तिथला मुक्काम साधारणपणे संपतो. जन्माची नोंद नसलेल्या मुलांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख टाकून देण्याची आपल्या शाळांची जुनी रीत आहे, त्यामुळे अशा मुलांची मुदत नेमकी जूनच्या तोंडावर भरते. बारावीचा निकाल जेमतेम हातात पडलेला असतो, कॉलेजच्या प्रवेशयाद्या लागायच्या असतात, वसतिगृह मिळेल की नाही हे ठरलेले नसते, पाऊस दारात उभा असतो, आणि तेव्हाच पत्र्याची पेटी उचलून बाहेर पडायची वेळ येते. ही अडचण ओळखून अशा मुलामुलींसाठी घर सुरू करावे असे वाटणारी माणसे महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बालगृहात वर्षानुवर्षे काम केलेले कार्यकर्ते आहेत, काही विश्वस्त संस्थाही आहेत. बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो जागेचा: कुठेतरी दोन एकर मिळावी, तिथे पन्नास-साठ मुलांची इमारत उभी राहावी. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्याचे म्हणणे एकच आहे. इमारतीच्या मागे लागू नका. भाड्याचे लहान घर घ्या, त्यात सहा ते आठ जणांना ठेवा, आणि जमिनीवर व सिमेंटवर घालणार होतात तो पैसा त्या घरात टिकून राहणाऱ्या माणसाच्या पगारावर घाला.

हे काही माझ्या मनचे नाही. कायद्याचीही दिशा हीच आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ ने बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढे आधार देण्याची तरतूद केली. २०१६ च्या आदर्श नियमांनी तिचा तपशील भरला. त्याला आपण अनुरक्षण म्हणतो. ते एकविसाव्या वर्षापर्यंत मिळते, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत, आणि राहण्याची सोय कशी असावी तर सहा ते आठ जणांच्या गटाने तात्पुरते एकत्र राहावे अशी. शंभर खाटांचे सभागृह नियमाला अभिप्रेत नाही. तरीही नवी संस्था काढणारे हा नियम वाचण्याआधी वास्तुविशारदाकडे जातात, कारण अनाथांसाठी काम करायचे म्हणजे मोठे छप्पर उभारायचे हे आपल्याकडे फार जुने समीकरण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८७५ मध्ये पंढरपूरचा बालकाश्रम उभा राहिला. त्या काळी प्रश्न जीव वाचवण्याचा होता आणि छप्पर हेच त्याचे उत्तर होते. अठरा वर्षांच्या मुलाचा जीव वाचलेला असतो. त्याला हवे असते ते उभे राहायला वेळ आणि हाक मारता येईल असे एक माणूस.

मोठ्या संस्थांतल्या संगोपनाविषयी जगात जे संशोधन झाले आहे त्याचा कल स्पष्ट आहे. रुमानियातल्या बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ लहान मुले घेतली आणि सोडत काढावी तशी वाटणी करून त्यांतल्या निम्म्यांना संगोपक कुटुंबांत ठेवले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक आणि भावनिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. ती मुले अगदी तान्ही होती, त्यांचे निष्कर्ष तरुणांना कसे लावता, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्तही आहे. पण पौगंडावस्थेतल्या मुलांबाबतही अभ्यासकांच्या एका गटाने २०१४ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले की, वय कोणतेही असो, सामूहिक संस्था ही मुलांची कायमची राहण्याची जागा असू नये. दुसरीकडे, अमेरिकेतल्या इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांतल्या सातशेहून अधिक मुलांचा काही वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात असे दिसले की, इलिनॉयमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत शासकीय संगोपनात राहण्याची मुभा होती आणि तिथली मुले कॉलेजात जाण्यात इतर दोन राज्यांतल्या मुलांच्या पुढे राहिली. दोन्ही एकत्र वाचले तर निघणारा अर्थ असा: अठराव्या वर्षानंतरही आधार हवाच, पण तो गर्दीत मिळणारा नसावा. यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो टाळू नये. सामूहिक निवास चांगला नाही तर मग आपण घर तरी का काढावे? कारण ज्याचे मामा, आजी, थोरला भाऊ असे कोणी सांभाळू शकते त्याला तिथेच आधार पोचवणे केव्हाही बरे, आणि तुमच्या घराचा दरवाजा उघडण्याआधी ती शक्यता प्रत्येक मुलाबाबत प्रामाणिकपणे तपासलीच पाहिजे. पण ज्याचे असे कोणीच नाही, तो अठराव्या वर्षी नव्या कुटुंबात जाऊन मूल म्हणून राहू शकत नाही. त्याच्यासाठी लहान गट आणि एक स्थिर वडीलधारे माणूस, हेच कुटुंबाच्या सर्वांत जवळचे आहे.

पहिला आक्षेप खर्चाचा येतो. आठ मुलांसाठी एक माणूस आणि साठ मुलांसाठी चार माणसे, यात दुसरा हिशेब स्वस्त दिसतो. पण तो फक्त एका वर्षाचा ताळेबंद पाहिला तरच. मोठ्या इमारतीला चौकीदार लागतो, भांडारपाल लागतो, लेखापाल, वाहन, चालक, दर दोन-तीन वर्षांनी रंगरंगोटी आणि गळती थांबवण्याचा खर्च लागतो. यांपैकी एकाही गोष्टीने मुलगा नोकरीला लागत नाही. शिवाय इमारत उभी राहिली की ती भरलेली ठेवावी लागते. खाटा रिकाम्या दिसल्या तर देणगीदार विचारतात, अनुदान देणारे विचारतात, आणि मग जो मुलगा आजीकडे राहू शकला असता तोही आत येतो. भाड्याचे घर मात्र गरज संपली की अकरा महिन्यांनी सोडून देता येते. मुले जिथे शिकतात किंवा कामाला जातात त्या भागात ते हलवता येते. गावाबाहेर दोन एकर दान मिळाली म्हणून आयटीआय आणि कॉलेजपासून वीस किलोमीटरवर घर काढणे ही या कामातली मी पाहिलेली सर्वांत महागडी काटकसर आहे. बसची शेवटची फेरी साडेसातला असली की संध्याकाळची नोकरी गेली, क्लास गेला, मित्र गेले.

आता माणसाविषयी, कारण घर चालते ते त्याच्यावर. त्याला अधीक्षक म्हणा, गृहमाता म्हणा, मुले त्याला दादा किंवा ताईच म्हणणार. बालगृहात वाढलेल्या मुलाने अठरा वर्षांत बदललेली माणसे किती पाहिलेली असतात याचा विचार करा: दर दोन-तीन वर्षांनी नवा अधीक्षक, कंत्राट संपलेली काळजीवाहक ताई, एक वर्ष येऊन गेलेले समाजकार्याचे विद्यार्थी, जूनमध्ये बदललेले शिक्षक. जो कोणी जवळचा वाटतो तो जातो, हे तो शिकलेला असतो, आणि म्हणूनच नव्या माणसाशी तो पहिले काही महिने तुटक वागतो किंवा मुद्दाम त्याला छळून पाहतो. हे छळणे म्हणजे बेशिस्त असे समजून ज्याला पहिल्या महिन्यात घराबाहेर काढले जाते, त्याचे तेच जुने शिक्षण पक्के होते. म्हणून नेमणूक करताना पदवीपेक्षा दोन गोष्टी पाहा. हा माणूस किमान तीन वर्षे राहील का, आणि रागावलेल्या मुलासमोर त्याचा आवाज खाली राहतो का. समाजकार्याची पदवी असलेला माणूस मिळाला तर उत्तमच, पण त्याला आठवड्यातून दोनदा येणारा सल्लागार म्हणून ठेवले तरी चालते. घरात राहणारा मात्र भाजी निवडता निवडता बोलणारा हवा. पोलीस पडताळणी करा, आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करून विचारा, आणि पहिले तीन महिने परिवीक्षेचे ठेवा. ओळखीच्या माणसाने पाठवला म्हणून पडताळणी टाळणे, ही चूक सगळ्यांत जास्त तिथेच होते जिथे सगळे एकमेकांना चांगले ओळखतात.

हा माणूस टिकवायचा तर त्याचा पगार आणि त्याची रजा या दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. सेवाभाव आहे ना, मग तुटपुंज्या मानधनावर काम करील, ही समजूत आपल्या सामाजिक क्षेत्राला फार महाग पडली आहे. सेवाभावी माणसालाही मुले असतात, घरभाडे असते, आईचे औषध असते. जवळच्या शाळेतला कायम शिपाई जितके मिळवतो त्यापेक्षा कमी पगार देऊन तुम्ही त्याच्याकडून आठ तरुणांचे पालकत्व मागत असाल, तर तो वर्षभरात जाणार हे गृहीत धरा. चोवीस तास एकच माणूस हाही हिशेब चुकीचा आहे. आठ जणांच्या घराला दोन माणसे लागतात. एक मुख्य, जो बहुतेक रात्री तिथे असतो, आणि एक बदली, जो आठवड्यातले दोन दिवस आणि सणावारी येतो. बदलीचा माणूस कायम तोच असावा. मुख्य माणसाला आठवड्याची सुटी मिळाली नाही की सहाव्या-सातव्या महिन्यात तो चिडू लागतो, आणि त्या चिडण्याला घरात तोंड द्यायला मुले असतात. महिन्यातून एकदा संस्थेबाहेरच्या अनुभवी समुपदेशकाशी त्याला मोकळेपणी बोलता यावे अशी व्यवस्था करा. हा खर्च अनावश्यक वाटतो तोवरच करायचा असतो. आणि सोडून जाण्याची वेळ आलीच तर निरोप मुलांना एका रात्रीत कळू देऊ नका. नवा माणूस आधी महिनाभर सोबत राहावा आणि जुन्याने जाताना कधी भेटायला येणार हे सांगून जावे.

इथे एक मोठा आक्षेप आपल्या मातीतला आहे. महाराष्ट्रातली नावाजलेली अनाथघरे एकेका माणसाच्या झपाटलेपणातून उभी राहिली. पगार, रजा, परिवीक्षा असल्या भाषेत माया मावते का? सिंधुताई सपकाळांनी शेकडो मुलांना आपले म्हटले. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर दिव्यांग अनाथांना आपले नाव देतात, त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. या माणसांविषयी मनात आदर ठेवूनच सांगतो की त्यांची नक्कल करायला जाऊ नये. असा माणूस जन्माला येतो, तो जाहिरात देऊन मिळत नाही, आणि तुमचे घर त्याच्याशिवायही चालले पाहिजे. शंकरबाबांच्याच कामातला एक मुद्दा मात्र प्रत्येकाने उचलावा. अठरा वर्षे झाली म्हणून दिव्यांग मुलाला संस्थेतून बाहेर काढणे अन्यायाचे आहे, त्याला पुढेही तिथेच राहू देणारा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. ज्याला बौद्धिक अक्षमता आहे त्याच्यासाठी एकवीस किंवा तेवीस ही मर्यादा निरर्थक आहे. तुमच्या घरात अशा मुलाला घेणार असाल तर तो कायमचा आहे असे समजूनच घ्या आणि त्याचा वेगळा निधी ठेवा. ते जमणार नसेल तर घेऊ नका.

जागा शोधताना कायद्याची एक रेघ पाळावी लागते. अठरा वर्षांखालचे एकही मूल त्या घरात राहायला आले तर तुमचे घर बालकांची काळजी घेणारी संस्था ठरते, आणि तिला कलम ४१ खाली नोंदणी लागते. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवणे हा कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. दया आली म्हणून सोळा वर्षांच्या भावाला चार दिवस ठेवून घेतले, हेही करू नका. बाल कल्याण समितीला कळवा आणि ती सांगेल तसे करा. सज्ञान मुलांच्या घरासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याशी आधी लेखी संपर्क करून अनुरक्षण सेवा देणारी संस्था म्हणून आपली नोंद करून घ्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, देणगीसाठी प्राप्तिकर खात्याची नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता असावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. घराचा भाडेकरार नोंदणीकृत करा आणि तो संस्थेच्या नावाने करा. सोसायटीच्या कमिटीला अंधारात ठेवून घर घेतले तर तिसऱ्या महिन्यात नोटीस येते. त्यापेक्षा अध्यक्ष-सचिवांना आधीच भेटून सांगावे की संस्थेचे विद्यार्थी आणि नोकरदार तरुण राहतील, संस्थेचा माणूस कायम सोबत असेल, तक्रार असेल तर हा नंबर. एवढे पुरते. मुले कुठून आली, कोणाचे आईबाप कोण, हे सांगायची गरज नाही आणि सांगूही नये. दाराबाहेर संस्थेच्या नावाची पाटी लावू नका. कुरिअरवाल्याने अनाथांचे घर कुठे म्हणून वॉचमनला विचारले की कंपनीत जाणाऱ्या मुलाला त्या जिन्यावर मान वर करून चढता येत नाही.

पैशाचे गणित इमारतीच्या बाजूने झुकते, कारण इमारतीवर नाव कोरता येते आणि पगारावर येत नाही. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा दरडोई ४,००० रुपयांची तरतूद आहे. आठ जणांचे महिन्याला ३२,००० रुपये होतात. त्यात आठ जणांचे जेवणखाण आणि बसचे पास कसेबसे निघतील. घरभाडे आणि दोन पगार निघणार नाहीत, आणि सरकारी रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला जमा होईल यावर तर घर चालवता येतच नाही. म्हणून पहिला मुलगा आत येण्याआधी किमान सहा महिन्यांचे भाडे आणि पगार बँकेत असावेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे जाल तेव्हा एक उत्तर हमखास मिळेल: पगार हा प्रशासकीय खर्च, त्याला ५ टक्क्यांहून जास्त देता येत नाही. नम्रपणे दाखवून द्या की २०२१ च्या नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यावर होणारा खर्च त्यात मोजत नाहीत. घरात राहणारा दादा हाच प्रकल्प आहे, तेव्हा अंदाजपत्रकात त्याचा पगार पहिल्याच ओळीत कार्यक्रम खर्च म्हणून मांडा. परदेशी देणगी घेणाऱ्यांना मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा खरोखरच लागू आहे, तिथे कोणता पगार कशात धरायचा हे सनदी लेखापालाकडून लिहून घ्या. आणि देणगीदाराला इमारतीऐवजी एका माणसाचे तीन वर्षांचे वेतन देण्याचे आवाहन करून पाहा. मुद्दा नीट मांडला तर तो पुष्कळांना पटतो.

देणगीच्या ओघात येणारी एक प्रथा या घरात शिरू देऊ नका. वाढदिवसाला केक घेऊन यायचे, मुलांना रांगेत बसवून जेवण वाढायचे आणि फोटो काढायचे. लहान मुलांच्या संस्थांतही ते योग्य नाही. काळजी व संरक्षणाखालील बालकाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्याला कलम ७४ ने बंदी आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. एकोणीस वर्षांच्या मुलाबाबत तर साधा प्रश्न विचारावा: आपल्या घरी अनोळखी कुटुंब येऊन आपल्याला जेवताना पाहत बसले तर आपण काय करू? देणगीदाराला हिशेब द्या, सहा महिन्यांनी नाव न सांगता प्रगती कळवा, मुलाखती घ्यायला, रोजगाराच्या ओळखी द्यायला, इंग्रजी शिकवायला बोलवा.

घरातल्या नियमांकडे येऊ. अठरा वर्षांवरचा मुलगा सज्ञान आहे. त्याला कोंडून ठेवता येत नाही, त्याचा फोन तपासता येत नाही, त्याचा पगार ताब्यात घेता येत नाही. मोठ्या संस्थेत मुरलेल्या कार्यकर्त्यांना हे जड जाते आणि ते म्हणतात, मोकळीक दिली तर पोरे वाया जातील. पण मोकळीक वापरायला शिकण्याची दुसरी जागा कोणती? तेविसाव्या वर्षी ती एकदम मिळणारच आहे, तेव्हा शेजारच्या खोलीत दादा नसेल. प्रत्येकाकडे दाराची किल्ली असावी आणि प्रत्येकाला कुलूप लागणारे कपाट असावे. रात्री किती वाजेपर्यंत यायचे, उशीर होणार असेल तर कोणाला कळवायचे, पाहुणे कधी आणायचे, दारूबाबत काय, हे नियम सगळ्यांनी बसून ठरवावेत, कागदावर लिहावेत आणि सही करावी. मोडल्यास काय होईल तेही त्यातच असावे, आणि घराबाहेर काढणे ही शेवटची पायरी असावी, तीही लेखी सूचना देऊन आणि राहण्याची पर्यायी सोय पाहून. स्वयंपाकाला बाई ठेवू नका, किमान रोज दोन्ही वेळांना नको. पन्नास जणांचा भात पातेल्यात शिजताना पाहिलेल्या मुलीला चौघांसाठी किती वाट्या तांदूळ लावायचे हे माहीत नसते. तिने कधी गॅसचा नंबर लावलेला नसतो, लाइट बिलावरचे युनिट वाचलेले नसतात, मंडईत भाव करून मेथीची जुडी घेतलेली नसते. आठवड्याच्या किराण्याचे पैसे दोघादोघांच्या हातात द्या आणि हिशेब फ्रिजवर चिकटवायला सांगा. पहिल्या दोन महिन्यांत पैसे गुरुवारीच संपतील. संपू द्या. शुक्रवारी पिठले-भात होईल, आणि रात्री जेवताना कुठे चुकले यावर जे बोलणे होईल ते कोणत्याही जीवनकौशल्याच्या कार्यशाळेत होत नाही.

बंद दाराआड काय होऊ शकते हे मुझफ्फरपूरने दाखवून दिले आहे. बिहारमधले ते बालिकागृह सरकारी अनुदानावर एक खासगी संस्था चालवत होती. तिथल्या मुलींवरचे अत्याचार २०१८ मध्ये उघड झाले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून, म्हणजे बाहेरच्या माणसांच्या तपासणीतून. तपासण्या त्याआधीही होत होत्या. बालकांच्या संस्थांना जिल्हा तपासणी समितीची भेट तरी कायद्याने ठरलेली आहे. तुमच्या भाड्याच्या घराकडे कोणी फिरकेलच याची खात्री नाही. म्हणून ही शिस्त स्वतःहून लावून घ्या. संस्थेशी, विश्वस्तांशी नातेसंबंध नसलेली दोन माणसे नेमा, त्यांतली एक स्त्री असावी. त्यांचे फोन नंबर प्रत्येक मुलाकडे असावेत आणि त्यांनी दर दोन महिन्यांनी न कळवता यावे, दादा-ताई घरात नसताना मुलांशी बोलावे आणि अहवाल थेट विश्वस्त मंडळाला द्यावा. लहान घर आपोआप सुरक्षित होत नाही. लहान घरात दादाचा शब्द जास्त चालतो आणि त्याचा गैरवापरही जास्त सोपा असतो. जो माणूस या तपासणीला विरोध करतो त्याला कामावर ठेवू नका.

मुलींच्या घराबाबत वेगळे बोलावे लागते. संस्थेतली मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचे लग्न लावून देणे हा पुनर्वसनाचा राजमार्ग मानला जातो. स्थळे येतात, संस्थेचे पदाधिकारी कन्यादान करतात, वर्तमानपत्रात बातमी येते. मुलीला लग्न करायचे असेल तर तिला कोणी अडवू नये, आणि संस्थेने माहेर म्हणून मागे उभे राहावे. पण जिच्याकडे परत यायला घर नाही आणि हातात कमाई नाही, तिची संमती कितपत मोकळी असते? त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: शिक्षण किंवा नोकरी हातात येईपर्यंत स्थळाचा विषय संस्थेने स्वतः काढू नये, आणि लग्न झालेल्या मुलीला अडचणीत परत येता येईल हे तिला आणि सासरच्यांना लग्नाआधीच सांगावे.

मुलगा तुमच्याकडे येतो त्याच्या बऱ्याच आधी तुमचे काम सुरू होते. नियमांप्रमाणे मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या वाटचालीची योजना बाल कल्याण समितीपुढे जायला हवी. दोन महिने फार थोडे आहेत. जिल्ह्यातल्या बालगृहांशी ओळख ठेवून सोळाव्या-सतराव्या वर्षीच मुलांना भेटत जा आणि कागद गोळा करायला लागा: जन्माचा दाखला किंवा वयाचा पुरावा, आधार, रहिवासी दाखला, शक्य असेल तर जातीचा दाखला, पॅन, आणि त्याचे स्वतःचे बँक खाते. लहानपणी अधीक्षकासोबत जोडखाते असेल तर सज्ञान झाल्यावर ते एकट्याच्या नावावर करून घ्यावे लागते. हे राहून गेले की शिष्यवृत्ती अडकते. आई-वडील दोघेही नसलेल्यांनी महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिले, त्याचा लाभ या कागदाशिवाय मिळत नाही. बालगृहातल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, त्यांना हे आरक्षण लागू होत नाही. त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीचे आणि शुल्कमाफीचे दुसरे मार्ग आधीच शोधून ठेवा.

शेवटचा आक्षेप असा की एवढे सगळे दिले तर मुले परावलंबी होतील, तेविसाव्या वर्षीही हलणार नाहीत. हलावे यासाठी घराची रचनाच तशी करता येते. कमावू लागलेल्याने पहिल्या पगारापासून घरखर्चात वाटा द्यावा, सुरुवातीला थोडा, दर सहा महिन्यांनी वाढता. हा वाटा संस्थेच्या खात्यात जिरवू नका. त्याच्याच नावाच्या आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे बाहेर पडताना खोलीचे डिपॉझिट आणि दोन महिन्यांचे भाडे त्याच्याकडे असेल. बाहेर पडण्याची तारीख वर्षभर आधी दोघांनी मिळून ठरवावी आणि ती परीक्षेच्या किंवा नोकरी बदलण्याच्या महिन्यात येऊ नये. पहिली खोली पाहायला दादाने सोबत जावे आणि भाडेकरार त्याच्यासोबत वाचावा. त्यानंतर वर्षभर आठवड्यातून एक फोन, आणि घरात एक जादा गादी कायम ठेवावी. नोकरी गेली, तापाने पडला, खोलीवाल्याने काढले, अशा वेळी महिनाभर येऊन राहता आले तर तो मुलगा पुन्हा उभा राहतो. ज्या घरात दिवाळीला परत येणाऱ्यांची संख्या वाढत जाते, तिथली मुले परावलंबी झाली असे मला वाटत नाही. आपल्या सख्ख्या मुलांनाही आपण हेच देतो आणि त्याला कोणी परावलंबन म्हणत नाही.

तेव्हा सुरुवात करायची असेल तर या महिन्यात एवढेच करा. आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा की येत्या वर्षभरात बालगृहांतून किती मुलेमुली बाहेर पडणार आहेत आणि त्यांतल्या किती जणांचे कुठे जायचे ठरलेले नाही. मग एक घर, एक दादा किंवा ताई आणि सहा महिन्यांचे पैसे यांची तजवीज करा. पहिले घर तीन वर्षे नीट चालले आणि त्यात नेमलेला माणूस तिथेच राहिला, तर दुसरे घर घ्या. माणूस टिकला नसेल तर तो का गेला हे त्याला भेटून विचारा, आणि दुसरे घर तूर्त घेऊ नका.